मोटारीच्या पाट्याची सुरी

आमच्या घरात नव्या हत्याराला आधी उमेदवारी करावी लागे. बाबांच्या भट्टीतून काही नव्या घडणीचं बाहेर पडलं की ते गिऱ्हाइकाकडे न जाता आईच्या हाती जाई, आणि महिनाभर घर, गोठा, परडं, बाग यांतलं जे काम समोर येईल ते त्याला करावं लागे. ही रीत आजोबांनी घातलेली. बाप्या माणूस हत्यार दाखवतो आणि बाई हत्यार वापरते, म्हणून खोट आधी बाईलाच कळते, असं ते म्हणत. मी आजोबांना पाहिलेलं नाही, पण एवढ्या एका वाक्यासाठी त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. आम्ही लोहार. पालीच्या बाजाराच्या थोडं पुढे, रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या मोटाररस्त्याला लागून आमचं घर, आणि घराला लागून भट्टी. दिवसभर घणाचा आवाज चालू, त्यामुळे आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायचो. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा पहिले सहा महिने सासूबाई मला ‘हळू बोल’ याखेरीज दुसरं काही सांगत नव्हत्या.

थोरला भाऊ मुंबईला गिरणीत लागला आणि भट्टीचा भाता माझ्याकडे आला. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. भात्याचं काम बाहेरून पाहणाऱ्याला कष्टाचं वाटतं, पण ते खरं लक्ष देण्याचं काम आहे. बाबा तोंडानं काही सांगत नसत. भुवई वर गेली की जोरात, मान हलली की हळू, आणि चिमटा हातात घेतला की बंद. चामड्याचा भाता फुगताना म्हशीनं उसासा टाकावा तसा आवाज करी. सकाळी पेज पिऊन मी बसले की आईची हाक येईपर्यंत उठायचं नाही. हाक आली की तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी, बाजाराच्या दिवशी भाजलेला बांगडा. हाताला कोळसा, भाकरीला कोळसा. कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या वर्षी शिमगा होऊन गेला आणि हसनचाचा आले. ते किनाऱ्यावरच्या भाट्याच्या बाजूचे, स्वतःच्या मासेमारी मचव्याचे मुख्य, म्हणजे तांडेल. दर उन्हाळ्यात मचव्यासाठी खिळे आणि लहान नांगर घडवून घ्यायला ते पालीला यायचे. आल्यावर आमच्या ओट्यावर बसून आईच्या हातचं आमसुलाचं सार पीत, आणि येताना सुक्या बोंबलांची जुडी आणत. या खेपेला त्यांचं काम वेगळं होतं. मागच्या हंगामात त्यांच्या पुतण्याच्या पायाला जाळ्याचा दोर गुंडाळला गेला होता. मुंबईहून आणलेला मिटणारा चाकू त्याच्या कमरेला होता, पण खाऱ्या हवेनं त्याचा सांधा गंजलेला, आणि तो उघडेपर्यंत पाय घोट्यापाशी जायबंदी झाला. पोरगा वाचला, पण आता लंगडतो. हे सगळं चाचांनी अगदी शांतपणे सांगितलं. मग बाबांना म्हणाले,

“मिटणारा चाकू नको, मिस्त्री. तो उघडायला दुसरा हात लागतो, आणि दर्यात दुसरा हात मोकळा नसतो.”

त्यांना हवी होती सरळ सुरी. पातं मुठीत पक्कं, ओल्या दोराला भिडली की कापणारी, आणि रोज धार मागत न बसणारी. त्यांच्या भावकीचे मिळून बारा मचवे, म्हणजे बारा सुऱ्या, आणि त्या नारळी पौर्णिमेच्या आत हव्यात, कारण त्यानंतर मचवे पाण्यात जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतो, तोवर एक करून बघा, असं सांगून ते गेले.

बाबांनी तोवर अशी सुरी केलेली नव्हती. आमचा धंदा कोयत्या, विळे, विळ्या, नांगराचे फाळ यांचा. नेहमीचं लोखंड याला चालणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि त्यांना पाट्याची आठवण झाली. रस्त्यावरून मोटारी जाऊ-येऊ लागून थोडीच वर्षं झाली होती, आणि रस्ता असा की मोटारीच्या चाकांवरच्या पोलादी कमानी मोडायच्या. एका ड्रायव्हरनं मोडक्या कमानीचे तीन पाटे आमच्या दारात टाकले होते. त्यातल्या एकाला बाबांनी आगीत घातलं तेव्हा घण त्यावरून उडायला लागला. एवढं चिवट पोलाद त्यांनी कधी ठोकलेलं नव्हतं. त्यांना घाम आला होता आणि ते हसत होते. चांगल्या मालाशी झुंजताना बाबांचा चेहरा जेवणाच्या पंगतीत बसल्यासारखा व्हायचा.

पहिलं लाल तापलेलं पातं त्यांनी रिवाजाप्रमाणे पाण्यात विझवलं. टिंग असा आवाज झाला आणि पात्याला केसाएवढी चीर गेली. दुसरं पातं त्यांनी उंडीच्या तेलात विझवलं. उंडीचं कडू तेल आम्ही दिव्याला वापरायचो, त्याला जळका उग्र वास. त्या दिवशी सबंध घराला तो वास सुटला आणि आईनं बाहेर चूल मांडून स्वयंपाक केला. ते पातं मात्र टिकलं.

इथे एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पातं विझवलं की ते काचेसारखं होतं. कडक, पण पडलं तर तुटेल असं. म्हणून ते घासून लख्ख करायचं आणि भाता न मारता नुसत्या निखाऱ्यांवर हळूहळू शेकायचं. शेकताना पात्यावर रंग चढतात. आधी फिकट पिवळा, मग वाळल्या पेंढ्याचा, मग तांबूस, मग जांभळा, आणि शेवटी मोराच्या मानेसारखा निळा. सुरी पेंढ्याच्या रंगावर उचलायची. तेव्हा ती कडकही असते आणि तुटतही नाही. निळी झाली की तिच्यातलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. मग तिचा कालथा करा नि भाकऱ्या उलथा, असं बाबा म्हणत. हे रंग मी भात्याजवळ बसून शंभर वेळा पाहिले होते. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी पुढे कधी म्हणू शकले नाही.

बाबांनी पात्याला दोन्ही बाजूंनी शिसवाच्या चिपा बसवल्या, तांब्याच्या तीन रिबिटी मारल्या, आणि सुरी आईपुढे ठेवली. वीतभर पातं, चार बोटं मूठ, पाठ जाड, टोक किंचित वर. आईनं ती हातात न घेताच मत दिलं. विळी बसल्या जागी काम करते, ही हातात घेऊन नाचवायची कुणी? त्यात तथ्य होतं. विळीपाशी पातं स्थिर आणि भाजी फिरते, सुरीचं नेमकं उलट. जन्मभर विळीवर बसलेल्या बाईला सुरी दिली तर ती कांदाच सुरीवर ढकलायला बघते. आईनं पहिल्या दिवशी तसंच केलं आणि सुरीला शिव्या दिल्या. बाबा म्हणाले की मग यमूला दे. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हयनाभर कसाला उतरली तर ही तुजी. बाकीच्या बारा चाचाच्या.”

मुलीच्या जातीला स्वतःचं म्हणून हत्यार मिळणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. मला परकर-पोलकं स्वतःचं होतं, तेसुद्धा आत्तेबहिणीचं उतरलेलं. मी त्या दिवसापासून सुरीला जन्मठेपेचं काम लावलं.

धार लावायची ती फक्त बाबांनी, निसण्यावर, आणि प्रत्येक वेळी पानाच्या डब्यातला चुना बोटाला घेऊन भट्टीच्या लाल कुडावर एक रेघ ओढायची, असं ठरलं. रेघा जितक्या कमी तितकी सुरी चांगली. एरवी साध्या लोखंडाच्या कोयतीला रोज धार लागायची. सुरीची पहिली रेघ पाचव्या दिवशी पडली. तोवर मी तिनं ओले काजू कापले होते. हे काम ज्यांनी केलं आहे त्यांना त्याचं मोल कळेल. हिरव्या बीच्या सालीतला चीक हाताची कातडी सोलतो, म्हणून साल एका घावात उघडायला हवी आणि आतला गर मोडायला नको. विळीवर बोटं चिकाजवळ जातात, सुरीनं बी पाटावर ठेवून टोकानं उघडता येते. त्या दिवशी काजूची उसळ झाली आणि माझ्या बोटांची कातडी शाबूत राहिली. आईनं दोन्ही गोष्टी पाहिल्या.

मग चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या चिरून दुरडीसाठी पात्या काढल्या. झावळीच्या पातीतून हीर ओढून खराटे बांधले. कुंपणाच्या काटेरी फांद्या छाटल्या, रातांबे कापून बिया वेगळ्या केल्या, शेजारच्या काकींच्या टाचेतला काटा काढला. मोरी माशाची कातडी खरबरीत, कानशीसारखी, तिच्यावर विळीची धार बसते. सुरीनं ती सोलली आणि लगेच कोथिंबीर चिरली. आईचं मन फणसानं वळलं. फणस विळीवर चढत नाही आणि कोयतीनं फोडला तर गरे चेचतात. मी पात्याला खोबरेल चोळलं आणि फणस उभा चिरला. मधला पाव, तंतूंचं भोत, गरे, आठळ्या, सगळं पंक्तीनं बाहेर. दुसऱ्या दिवशी आई परड्यातून ओरडली, “यमे, ती मोटारीण कुठंय?” तिचं नाव तेच पडलं. पुढे पुढे मोटारीण आईच्याच कमरेला दिसू लागली आणि मला ती मागून घ्यावी लागे. आपण सुरीला नावं ठेवली होती याची आईला कुणी आठवण करून दिली नाही. आमच्या घरात शहाणी माणसं होती.

बकरीची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरामागे कातळ होता, आणि कातळाच्या कडेला पुरुषभर उंचीची दरड. शेजारच्या काकींची बकरी काथ्याच्या दोरानं कातळावर बांधलेली. ती चरत कडेला गेली, घसरली, आणि दोरावर लटकली. मागचे पाय दरडीला जेमतेम टेकलेले आणि जीभ बाहेर. मी आणि माझी मैत्रीण चंद्री तिथेच करवंदं काढत होतो. मी पालथी पडून एका हातानं बकरीचं शिंग धरलं, दुसऱ्यानं कमरेची सुरी ओढली. ताणलेला दोर पातं लागताच तुटला. बकरी खाली झुडपात पडली, उठली, आणि त्याच झुडपाचा पाला खाऊ लागली. चंद्री म्हणाली की उपकाराची जाण नाही मेलीला. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की दोन्ही हात लागले आणि सुरी उघडायला तिसरा लागला असता. बाबांनी ऐकलं आणि पान खाताना दोनदा स्वतःशीच मान हलवली.

वीस दिवसांत कुडावर चार रेघा झाल्या. बाबा येता-जाता त्यांच्याकडे बघत. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दाखवत, आणि कुणी विचारलं नाही तर खोकून लक्ष वेधत.

मग काजू भाजण्याचा दिवस आला. वैशाखात काजूच्या वाळल्या बिया भाजायच्या हा आम्हा मुलींचा उद्योग. पत्र्याच्या जुन्या डब्याला तळाशी भोकं पाडायची, तीन दगडांवर ठेवायचा, खाली वाळल्या पानांचा पातेरा पेटवायचा. बिया तापल्या की त्यातलं तेल भोकांतून ठिबकतं आणि आग पकडतं, आणि काळा धूर करत सगळा डबाच पेटतो. तेव्हा बिया सारख्या ढवळाव्या लागतात, नाहीतर एका अंगानं कोळसा. ढवळायला लांब ओली काठी घेतात. आम्ही आळशीपणानं आखूड घेतली, ती जळाली. दुसरी आणायला कोण जाणार? तू जा, तू जा. माझ्या कमरेला सुरी होती. मी तिनं ढवळलं. मग डबा ओढायला तिचं टोक डब्याच्या काठाला अडकवलं, आणि नेमकी तेव्हाच चंद्रीनं वाटणीचा विषय काढला. बिया माझ्या झाडाच्या, डबा तिचा, पातेरा दोघींनी गोळा केलेला. हे भांडण चांगलं लांबलं. पातं सगळा वेळ जाळात होतं. मुठीचा चटका बसला तेव्हा मी हात काढला.

काजू उत्तम भाजले गेले होते हेही खरं आहे.

घरी येऊन मी विहिरीवर राखेनं सुरी घासू लागले. चिकट काजळी निघत गेली आणि खालून रंग वर आला. टोकापासून अर्ध्या पात्यापर्यंत मोराची मान. इतका सुंदर निळा मी भट्टीतही पाहिला नव्हता. मग मी जे केलं ते कुठल्याही लोहाराच्या मुलीला शोभण्यासारखं नव्हतं. रेती घेतली आणि तो निळा घासून घासून काढून टाकला. रंग गेला. जसं काही रंग गेल्यानं पाणी परत येणार होतं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली की मोटारीण आज रुसली आहे, बांगड्याचं डोकं निघत नाही. बाबांनी धार लावली, रेघ ओढली. संध्याकाळी पुन्हा बोथट. पुन्हा रेघ. तिसऱ्या सकाळी आईनं नारळाची शेंडी काढली तर धारेला खळगा पडला. तिसरी रेघ. वीस दिवसांच्या चार रेघा, आणि त्यांच्या शेजारी दोन दिवसांच्या तीन. बाबा सुरी उजेडाला धरून ओट्यावर बसले. त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते स्वतःच्याच हाताचे दोष काढू लागले. तेल जुनं होतं का, पातं पातळ झालं का, पेंढ्याचा रंग बघायला आपले डोळे उतरले का. शेवटी म्हणाले की मोटारीचं पोलादच फसवं, वीस दिवस हसतं आणि मग दात दाखवतं. उरलेले पाटे त्यांनी उचलून मागे उकिरड्याशी नेऊन टाकले. जेवायला बसले तेव्हा अर्धी भाकरी ठेवली. मी माझी भाकरी पूर्ण खाल्ली, कारण ठेवली असती तर आईला संशय आला असता.

मला माराची भीती नव्हती, बाबांनी कधी हात उचलला नाही. मला भीती सुरी जाण्याची होती. बोलले तर ती माझी होणार नाही. न बोलले तर ती कुणाचीच होणार नाही, हे कळायला मला दोन दिवस लागले. आता माझी नातवंडं चुका लपवतात तेव्हा मी त्यांना नीतीबिती सांगत नाही. एवढंच विचारते की लपवून काय मिळणार आहे त्याचा हिशेब केलास का. बहुतेकांनी केलेला नसतो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी हसनचाचा आले. ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच, कारण त्या वर्षी त्यांना मचवे लवकर ओढून घ्यायचे होते. या वेळी बोंबलांबरोबर चार शहाळी. आईनं सार पुढे केलं. बाबांनी सुरी त्यांच्या हातात दिली आणि कुडावरच्या रेघा दाखवल्या.

“हसनभाय, माज्या हातनं नाय व्हायचं ह्ये काम. तुमी मुंबईसनंच मागवा.”

चाचांनी धारेवरून अंगठा फिरवला. निराशा त्यांनी तोंडावर दिसू दिली नाही. म्हणाले की हरकत नाही, एक हंगाम आणखी मिटणाऱ्या चाकूंवर काढू, अल्ला बघून घेईल, पोरांना चाकू उघडाच कमरेला लावायला सांगतो. मग त्यांनी आईला, पुतण्या आता काठीशिवाय चालतो, असं सांगितलं. त्या काठीशिवाय चालण्याचं त्यांना केवढं वाटत होतं! मी शहाळी उचलून आत न्यायला आले होते. ती खाली ठेवली.

“मी काजू भाजले हिच्यानं,” मी म्हणाले.

हे मी नेहमीच्या आमच्या आवाजात म्हणाले, त्यामुळे रस्त्यानं जाणारा एक गाडीवानही थांबून बघू लागला.

बाबा वळले. “किती वेळ जाळात व्हती?”

“चंद्रीशी भांडण संपेस्तोवर.”

“म्हंजे पुष्कळ. रंग?”

“निळा. मी रेतीनं घासला.”

आई म्हणाली, “विळी असती तर कुनी जाळात घातली नसती.” वीस दिवस पोटात ठेवलेलं तिनं असं वेळेवर बाहेर काढलं.

बाबा भट्टीत गेले आणि कानस घेऊन आले. चाचांच्या समोर बसून त्यांनी पात्याच्या टोकाकडे कानस लावली. ती चावली, बारीक चुरा पडला. मग मुठीजवळ, जिथवर जाळ पोचला नव्हता, तिथे लावली. कानस कर्र असा आवाज करून घसरली, एक कण निघाला नाही. पुन्हा टोकाला, पुन्हा मुठीला. तीन वेळा केलं, आणि तिसऱ्या वेळी ते हसायला लागले. बाबा हसताना आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. चाचांनीही कानस मागून घेतली आणि स्वतः घसरवून पाहिली. पोलाद खरं होतं. हात खरा होता. डोळे उतरले नव्हते. बाबा उठले आणि चाचांना तिथेच सोडून उकिरड्याकडे गेले, आणि दोन्ही पाटे खांद्यावर घेऊन आले, शेणासकट. आईनं नाक मुरडलं. मला कुणी काही बोललं नाही, आणि मी तेवढ्यावर खूश होते.

पण हसनचाचा गंभीर झाले. म्हणाले, “मिस्त्री, मचव्यावर पण चूल हाय. तितं भात शिजतो, मासळी भाजतात. माजी मानसं ह्या पोरीपेक्षा शानी हायत असं तुमाला वाटतं?”

बाबा म्हणाले की सुरी देताना प्रत्येकाला बजावून सांगू. चाचा म्हणाले की ती माणसं तांडेलाचं ऐकत नाहीत, सुरीचं कुठून ऐकणार. मला वाटलं की आता पुन्हा सगळं माझ्यावर येणार, म्हणून मी आपली बाजू मांडली. आमच्याकडे जाळ ढवळायला धड काही असतं तर मी सुरी कशाला घातली असती? काठी जळाली, मग मी काय बोट घालू?

“चूक करून वर तोंड,” आई म्हणाली.

बाबा मात्र माझ्याकडे बघत राहिले. मग भंगाराच्या ढिगातून हातभर लांबीची एक सळी काढली, तिचं टोक चिमट्यात धरून वाकवल्यासारखं केलं, आणि चाचांना दाखवली. प्रत्येक सुरीमागे एक सळी. चुलीपाशी सळी असली की हात कमरेला जाणार नाही. बारा सुऱ्या, बारा सळ्या. चाचांनी सळी हातात तोलली, न पेटलेल्या चुलीत घालून ढवळल्यासारखं केलं, आणि सार मागितलं. आधीचं ते प्यायलेच नव्हते.

माझ्या सुरीच्या रिबिटी काढून पातं पुन्हा आगीत गेलं. मी भाता मारला. तेलात विझवलं, घासून लख्ख केलं, आणि आता शेकायची वेळ आली. बाबांनी पातं निखाऱ्यांवर ठेवलं, माझ्या हातात चिमटा दिला, आणि पाठ फिरवून पान लावायला बसले. “निळा बघितलास ना? आता पेंढा बघ. झाला की सांग.” मी उकिडवी बसले. डोळ्यांत धूर, कानात बाहेर आईचं भांडी आपटणं. पातं पांढरं होतं, पांढरंच राहिलं, आणि मग दुधात हळदीचं बोट लागावं तसं कडेनं पिवळं झालं. आपल्या शेतातला मळणीनंतरचा पेंढा मी डोळ्यांपुढे आणला, पहिल्या दिवसाचा नव्हे, आठवडाभर उन्हात पडलेला. थांबले. अजून थांबले.

“आत्ता,” मी म्हणाले, आणि उचलून तेलात धरलं.

बाबांनी पान तोंडात घातलं, मग येऊन पातं पुसून पाहिलं. बोटाला लागलेल्या चुन्यासकट त्यांनी तळहातानं कुडावरच्या सातही रेघा पुसल्या आणि महिना पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. त्या महिन्यात पाच पडल्या.

बारा सुऱ्या आणि बारा सळ्या नारळी पौर्णिमेच्या आधी भाट्याला पोचल्या. पुढच्या उन्हाळ्यात हसनचाचा आले ते सार प्यायच्या आधीच पोतडी सोडत आले. हंगामभर अकरा सुऱ्यांनी तक्रारीला जागा दिली नव्हती. पुतण्यानं आपली तर दोनदा दोरावर चालवली होती, आणि दोन्ही वेळा पाय ज्याचा त्याच्याजवळ राहिला. बारावी सुरी त्यांनी पोतडीतून काढून बाबांपुढे ठेवली. टोकापासून मधोमधपर्यंत निळी.

“सळी कुठंय?” बाबांनी विचारलं.

“दर्यात,” चाचा म्हणाले. “चुलीपास्न गडगडली.”

त्या वर्षापासून आमच्या सळीला वरच्या टोकाला कडी असते, चुलीच्या पायाला बांधायला. माझ्या शेगडीपाशी अजून तसली एक आहे. सून विचारते की हिचं इथे काय काम. मोटारीण झिजून आता करंगळीएवढी उरली आहे, तिनं भेंडी छान चिरली जाते.

चाचांनी आणलेल्या त्या निळ्या सुरीच्या रिबिटी बाबांनी त्याच दिवशी काढल्या, पातं आगीत घालून तेलात विझवलं, घासलं, आणि निखाऱ्यांवर ठेवलं. मग पानाचा डबा ओढून पाठ फिरवून बसले. मला कुणी काही सांगितलं नाही. मी भात्याचा दांडा सोडला आणि चिमटा घेऊन निखाऱ्यांपाशी जाऊन बसले.